मागच्या पायरीवर चालणारी आवृत्ती

नाही, असं ते म्हणालं नव्हतं. सापडलं नाही, असं म्हणालं होतं.

कंपनीनं पाठवलेल्या नव्या लॅपटॉपवर मैत्रीनं सकाळी काळी खिडकी उघडली आणि पायथन या संगणकाच्या भाषेची आवृत्ती बदलायची रोजची कमांड, दात घासावेत तितक्याच बेफिकिरीनं, टाइप केली. खाली एक ओळ उमटली. कमांड नॉट फाउंड. हीच कमांड, हीच बोटं, जुन्या लॅपटॉपवर काल दुपारपर्यंत निमूट चालत होती. ती त्या ओळीकडं बघत राहिली आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून आप्पांनी पाणी मागितलं. "नीर," ते म्हणाले. आई तांब्या घेऊन गेली. कन्नडमधला तेवढा एक शब्द तिला आता कळायला लागला होता. पण पुढं ते आणखी तीन-चार वाक्यं बोलले, चांगली सरळ, डेपोतल्या साहेबांशी बोलावीत तशी; आणि त्यांच्याबरोबरचा अख्खा संसार मराठीत केलेली आई तांब्या हातात धरून, पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखी त्यांच्यासमोर उभी राहिली. शाळेत कन्नड शिकलेल्या मैत्रीनं आतूनच अर्थ सांगितला, पंखा कमी कर म्हणतायत. आईनं पंखा कमी केला. मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडं जरा जोरात ठेवलं.

सापडलं नाही. म्हणजे कुठंतरी आहे.

मैत्रीचे आप्पा, मायाप्पा, जांबोटीच्या बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन घरी बसले आणि मग एक दिवस अंगणात ब्रश करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवा हात गेला, बोलणं गेलं. काही आठवड्यांनी बोलणं परत आलं, तेव्हा घरातले सगळे खाटेभोवती गोळा झाले, आणि जे आलं ते कन्नड होतं. जन्मापासून बोललेली मराठी कुठंतरी मागं राहिली. नोकरीला लागल्यावर, हजेरी द्यायला आणि साहेबाची बोलणी खायला शिकलेली भाषा मात्र धुऊन वाळवलेल्या खाकीसारखी घडीसकट परत आली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मैत्रीला त्या वाक्याचंच नवल वाटलं होतं. एवढी मोठी गोष्ट, आणि तिला एवढंसं वाक्य. मराठीतलं समजायचं का त्यांना? कधी समजल्यासारखं वाटायचं, कधी नाही. तोंडातून मात्र एक शब्द येत नव्हता. 'हो' म्हणायचं असलं की ते दोन्ही भाषा सोडून कंडक्टरचं "रैट" म्हणायचे आणि डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर दोनदा ठोकायचे. घंटी. गाडी सोडा.

वाचाउपचार करणाऱ्या शाल्मली मॅडमनी मागच्या भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. एक भाषा ठरवा. जी आली आहे तीच धरा, घरात सगळ्यांनी तीच बोला, दोन्हीच्या मधे त्यांना लोंबकळत ठेवू नका. पुढच्या वेळी येताना ठरवून या. त्या चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या, आणि त्यांचं म्हणणं मैत्रीला पटतही होतं. आई शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. आई निपाणीची, तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत वाढलेली; लग्न होऊन पिरनवाडीत आली तर इथंही गल्लीत मराठीच. कन्नड तिच्या घरावरून आयुष्यभर ये-जा करत राहिली, दारात काही थांबली नाही. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली.

"मग मी कुटं जाऊ?"

रिक्षावाल्याला वाटलं पत्ता विचारतायत. मैत्रीनं त्याला गल्लीचं वळण दाखवलं.

आता स्क्रीनवरची ओळ. कारण साधं होतं, शोधायला वेळ लागला नाही. जुन्या लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत जो बसला होता त्याचं नाव बॅश. नव्या लॅपटॉपवर त्याच काळ्या खिडकीत, त्याच लुकलुकणाऱ्या चौकोनामागं, झी-शेल बसला होता. बाहेरून दोघे सारखे. आपण टाइप करतो ते ऐकणारा, समजून घेणारा, यंत्राला सांगणारा असा एक जण तिथं असतो, त्याला शेल म्हणतात, हे मैत्रीला कॉलेजपासून ठाऊक होतं. पण तो बदलू शकतो, आणि बदलला तर त्याच घरात राहून आपल्याला ओळखत नाही, हे तिनं पहिल्यांदाच अंगावर घेतलं. प्रत्येक शेल जागा झाला की आधी आपली एक फाइल वाचतो. मी कोण, माझ्या ओळखीचे कोण, कुठल्या नावाला काय म्हणायचं, सगळं त्या फाइलमधून त्याला कळतं. बॅश स्वतःची वाचतो, झी-शेल स्वतःची. कंपनीचा आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम, व्हर्जन मॅनेजर, तिच्या वरिष्ठानं, साईराजनं, कधीकाळी बॅशच्या फाइलमध्ये लिहून ठेवला होता. झी-शेलनं ती फाइल कधी उघडलीच नव्हती. त्याच्या लेखी तो मॅनेजर जन्मलाच नव्हता.

खिडकी बंद केली. उघडली. दर वेळी एक नवा जीव उठतो, आपली फाइल वाचतो, आणि त्याला वाटतं आपण कायमचेच इथं आहोत. तिनं पुन्हा उघडली. पुन्हा. अंगावर काटा आला आणि त्याची तिला गंमत वाटली.

साईराज पुण्याहून फोनवर होता. स्वभावानं थंड, बोलताना मधेच चहाचे घोट घेणारा. कंपनीत सगळ्यांना नवे लॅपटॉप आलेत, म्हणाला, सगळ्यांचं हेच रडगाणं आहे. हुबळीचा तो नवा पोरगा तर फिश नावाचा तिसराच शेल वापरतो, त्याची बोलण्याची रीत दोघांपेक्षा वेगळी. जुनी कामं जुन्या पायथनवर चालतात, नवी नव्यावर, एकाच यंत्रात दोन्ही नांदली पाहिजेत. तू हे तिन्ही शेलमध्ये चालेल असं कर. मैत्री हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, तिला हेच काम मिळालं याच्यामागं वर बसलेल्या कुणाचा तरी हात असावा. पण तसल्या हातांवर या घरात कुणाचा विश्वास नव्हता, म्हणून तिनं तो विचार सोडून दिला.

तर पहिली युक्ती. बॅशच्या फाइलमधून सगळं बाहेर काढायचं आणि त्याचा एक स्वतंत्र प्रोग्रॅम करायचा, म्हणजे कुणीही हाक मारावी. दुपारपर्यंत केला. तिन्ही शेलमध्ये हाक मारली, तिन्ही ठिकाणी धावत आला, 'आवृत्ती बदलली' असं ऐटीत सांगून गेला. मग तिनं पायथनला विचारलं, तुझी आवृत्ती कुठली. जुनीच. पुन्हा बदलली. बदलली म्हणाला. विचारलं. जुनीच. हे कळायला तिला चहाचा अख्खा कप थंड करावा लागला. शेल एखादा प्रोग्रॅम चालवतो तेव्हा त्याला पोटातून जन्म देतो. आपल्या आजूबाजूचं सगळं, आपले रस्ते, आपली नावं, त्याची एक नक्कल त्याच्या हातात देतो. पोर ती नक्कल हवी तशी बदलू शकतं. रस्ते पुसावेत, नवे काढावेत, सगळी मुभा. पण काम संपलं की पोर संपतं आणि त्याच्याबरोबर ती नक्कलही. आईबाप होते तिथंच असतात, त्यांना त्यातलं काही कळत नाही. पोराला आईबापाचं जग बदलता येत नाही. तसा नियम आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी टेबलाशी बसून तो केला आणि त्यानंतर जगातली सगळी यंत्रं तो पाळत आली.

रोज सकाळी ती आप्पांसमोर पेला धरायची. "पाणी, आप्पा. म्हणा, पाणी." ते तिच्या ओठांकडं बघायचे. ओठ जुळवायचे. "पा," म्हणायचे, आणि मैत्री पेला आणखी पुढं धरायची. मग ते थांबायचे, एखाद्या बंद दुकानापुढं थांबावं तसे, आणि तिची कीव आल्यासारखे हळू म्हणायचे, "नीर."

गेल्या रविवारी निपाणीहून भरमू मामा आला होता, आईचा धाकटा भाऊ. सीमाभागातला एक मोर्चा त्यानं चुकवला नव्हता. तरुणपणी लाठ्या खाल्लेला, आणि त्या अजून पाठीवर दाखवणारा. दारातून आत येताच आप्पांनी त्याला हात करून म्हटलं, "बर्री, कुंदर्री." या, बसा. मामा बसला नाही. त्याला वाटलं आपली थट्टा चाललीय. या दोघांचं मागं एकदा मराठी-कानडीच्या याच भांडणावरून वाजलं होतं. तुमी त्येंची नोकरी करता म्हनून तुमी गप, असं मामा तेव्हा बोलून गेला होता, आणि आप्पांनी त्याला तिकीट फाडून दिल्यासारखं थंडपणे उत्तर दिलं होतं. आता मामाला वाटलं, दाजी आजारपणाच्या आडून जुना हिशेब चुकता करतायत. मैत्रीनं समजावलं, डाव्या बाजूचा मेंदू, रक्ताची गाठ, मुद्दाम नाही. मामा हसला, पण हसू मिशीतच राहिलं.

"आमच्या बापजाद्यांपासनं हे भांडान चाललंय, अजून निकाल न्हाय," तो आईला म्हणाला. "आनि दाजींनी एका फटक्यात देऊन टाकला."

आई हसली नाही. आप्पा मात्र "रैट" म्हणाले आणि खाटेवर दोनदा ठोकलं, त्यामुळं आणखीच अवघड झालं. मामानं चहा अर्धा ठेवला. जाताना, रागातही, सवयीनं, दारात वळून त्यानं "जय भीम" केलं. आणि आप्पांनी "जय भीम" म्हटलं. स्वच्छ. अर्धा वर गेलेला डावा हात. कुठल्याच भाषेतून न आलेले, किंवा सगळ्या भाषांतून एकदम आलेले ते दोन शब्द मधल्या जागेत तसेच राहिले, आणि मामा चपलेत एक पाय घालून उभाच राहिला. मग दुसरी चप्पल घालून गेला. स्टँडवर गाडीला वेळ असणार, पण थांबला नाही. मैत्रीला त्या दिवशी त्याचं फार काही वाटलं नव्हतं. आज, शेलबद्दल वाचताना, एक जुनी लहानशी बोली सापडली, शब्द मोजके, नखरा नाही, बॅश आणि झी-शेल दोघंही ती जन्मतः जाणतात. आणि वाचता वाचता तिला मामाचा तो चपलेतला पाय दिसला.

दुसरी युक्ती. पोराला आईबापाचं जग बदलता येत नाही. पण आईबापानं स्वतःशी म्हणायच्या ओळी पोर पुढं ठेवू शकतं. शेल त्या ओळी उचलतो, आपल्याच तोंडानं स्वतःशी म्हणतो, आणि मग बदल त्याचा स्वतःचा असतो. फक्त ओळी त्याच्या रीतीनं लिहिलेल्या हव्यात. म्हणून प्रोग्रॅमनं आधी विचारायचं, तू कोण. बॅश म्हणाला तर एक ओळ, फिश म्हणाला तर दुसरी. चाललं. तिन्ही खिडक्यांत आवृत्ती बदलली, आणि मैत्री खुर्चीत मागं रेलली. शाल्मली मॅडम हेच तर सांगत होत्या. ऐकणारा कोण आहे ते बघा आणि त्याच्या भाषेत बोला. आता आत जाऊन आईला सांगायचं, कन्नडच ठरली म्हणून. आई परसात, मागच्या पायरीवर होती. हल्ली ती दिवसभर तिथंच असायची. पुढच्या खोलीत आपलं काय काम, अशा चेहऱ्यानं. मैत्री दारापर्यंत गेली. आईची पाठ दिसत होती, मानेवर सैल अंबाडा. तिनं नुसतंच विचारलं, जेवायला काय करतेस. आई म्हणाली, तुमच्यात काय म्हनत्यात त्ये मला ठावं न्हाय, मी आमटी करते.

तुमच्यात.

तीन दिवसांनी साईराजचा फोन. फिशमध्ये चालतं, झी-शेलमध्ये चालतं. पण कंपनीतली पोरं कोड लिहायच्या एडिटरमधून थेट प्रोग्रॅम चालवतात तेव्हा चालत नाही. एडिटर कुठलीच फाइल वाचत नाही. त्याला विचारलं तू कोण, तर त्याला सांगताच येत नाही. मैत्री म्हणाली, मग त्याच्यासाठी चौथी ओळ लिहिते. साईराजनं घोट घेतला. "किती जणांना विचारत बसणार," तो म्हणाला. "कोण विचारतंय ते सोड ना. कुठं उभं राहून विचारतंय, तेवढं बघ."

त्यानं हे सहज म्हटलं आणि दुसऱ्याच कुठल्यातरी कामाकडं वळला. मैत्री मात्र तिथंच उभी राहिली, आणि तिच्या मनात ती जागा पिरनवाडीच्या कोपऱ्यावरची जयाबाईची चहाची टपरी होती.

कारण शेलला एखादं नाव सांगितलं की तो काय करतो? त्याच्याकडं एक रस्ता असतो, आणि रस्त्यावर ओळीनं थांबे. तो पहिल्या थांब्यावर जातो, विचारतो, अमुक आहे का. नाही. दुसऱ्या. नाही. पहिल्यांदा जिथं 'आहे' असं उत्तर येईल तिथं तो हातातलं काम सोपवतो आणि पुढं जातच नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत कुणी ओ दिली नाही तर परत येऊन सांगतो, सापडलं नाही. हे पुस्तकात वाचलं तेव्हा मैत्रीला ते समजून घ्यावं लागलं नव्हतं, कारण ते तिनं लहानपणी बसमध्ये आप्पांच्या सीटवर बसून पाहिलं होतं. लोक बसमध्ये नुसते प्रवासाला चढत नसत. निरोप, डबे, औषधं, लग्नाच्या साड्या, सगळं कंडक्टरच्या हाती देत. महादेवला द्या. कुठला महादेव? ह्याच रस्त्याचा, भेटंल बघा. आणि आप्पा दर थांब्याला दारात उभे राहून हाक मारत.

पिरनवाडी. महादेव हाय काय?

नावगे. महादेव हाय काय?

किणये.

किणयेला एक महादेव निघाला. पिशवी घेऊन गेला. ती जांबोटीच्या महादेवच्या होणाऱ्या सुनेची साडी होती, आणि किणयेच्या महादेवच्या बायकोनं ती त्याच दिवशी नेसून शेजारणीला दाखवलीही. केवढा तमाशा झाला. जांबोटीकर बस अडवायला आले, किणयेकर म्हणाले आमचं नाव घेऊन हाक मारली म्हणून आम्ही ओ दिली, यात आमचं काय चुकलं. चुकलं कुणाचंच नव्हतं. पहिला सापडला तो खरा, असा त्या रस्त्याचा कायदाच होता. त्यानंतर आप्पांनी हाका मारणं बंद केलं आणि सगळ्या पिशव्या पहिल्याच थांब्यावर, जयाबाईकडं ठेवायला सुरुवात केली. जयाबाई कुणाचीच नव्हती, म्हणजे महादेवही नव्हती आणि सूनही. पण कुणाच्याही नावानं आलेलं सामान ती घ्यायची, आणणाऱ्याला विचारायची, तू कुठनं आलास बाबा, आणि त्यावरून ते योग्य महादेवकडं धाडायची. लाल बस असो, दुधाची गाडी असो, माणसं भरून नेणारा वडापचा टेंपो असो. गाडी कुठली हे तिनं कधी विचारलं नाही. सगळ्यांचा रस्ता तिच्यावरून जात होता, एवढं पुरे होतं.

मैत्रीनं पायथन याच नावाची एक खोटी, इवलीशी फाइल केली आणि ती रस्त्याच्या पहिल्या थांब्यावर बसवली, सगळ्या यंत्रासाठी एकदाच. त्या फाइलला पायथनमधलं काही येत नव्हतं. ती फक्त बघायची, हाक मारणारा कुठल्या फोल्डरमध्ये उभा आहे. तिथं आवृत्तीची चिठ्ठी आहे का? नसेल तर एक पायरी वर. तिथं? आणखी एक पायरी वर. सापडेल ती आवृत्ती खऱ्या पायथनला जाऊन सांगायची आणि स्वतः बाजूला व्हायची. हे लिहायला सकाळ गेली. लिहून झाल्यावर तिनं बॅशमध्ये एका फोल्डरमध्ये उभं राहून विचारलं, जुनी आवृत्ती. त्याच खिडकीत एक पाऊल शेजारच्या फोल्डरमध्ये टाकलं, तोच प्रश्न, तेच अक्षर, नवी. परत मागं. जुनी. झी-शेलमध्ये तसंच. फिशमध्ये तसंच. कुणी काही बदललं नव्हतं. कुणाला कुणी काही शिकवलं नव्हतं. दोन्ही आवृत्त्या आधीपासून घरात होत्या, एकमेकींना न अडवता, आणि उंबरा ओलांडला की आपोआप ज्याची त्याची पुढं येत होती. मैत्री खेळणं मिळालेल्या पोरीसारखी आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिली.

तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला, आणि पुढच्या खोलीतून आप्पांची चुळबुळ ऐकू आली. पत्र्याखाली दुपारी पंख्याशिवाय बसणं कठीण. मैत्री उठायच्या आत आईच गेली होती. तिनं काही न विचारता त्यांना काखेत धरून उभं केलं आणि वाऱ्याला म्हणून परसदारी नेलं. झटका आल्यापासून त्यांना मागं नेलं नव्हतं, तिथं उतरायला पायरी आहे म्हणून. आईनं त्यांना खालच्या पायरीवर बसवलं, भिंतीला टेकून. स्वतः वरच्या पायरीवर बसली आणि मघाशी ठेवलेलं भुईमुगाच्या शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

मैत्रीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांची डोकी दिसत होती. एक वर, एक खाली, दोघांची तोंडं एकाच बाजूला, शेवग्याकडं. ही आकृती तिनं कुठंतरी पाहिली होती. कुठंतरी नाही, इथंच. आई तेव्हा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटं न बघता चाललेली. आणि आप्पा ड्यूटी नसली की खालच्या पायरीवर बसून वळलेल्या विड्यांचे कट्टे बांधायचे. दोघं बोलायची ती तेव्हाच. एकमेकांकडं न बघता, हात कामात, समोरच्या झाडाला सांगितल्यासारखं. एरवी घरात ते मुक्यानं जेवत आणि मुक्यानं निजत. मैत्रीला नोकरी लागली तसं विड्या वळणं सुटलं, आईचा खोकला बरा झाला, आणि दोघांचं बोलणं कमी का झालं हे कुणी कुणाला विचारलं नाही.

आप्पांचा डावा हात वर गेला, सुपाच्या काठावर टेकला.

"दोरा दे," ते म्हणाले.

आईची बोटं थांबली. मैत्रीनं खिडकीचा गज धरला. ओरडून पुढं जावं असं तिच्या पायांना वाटलं. पण पोराला तिथं जागा नव्हती, आणि हे तिला याच आठवड्यात नीट कळलं होतं. सुपात शेंगा होत्या, दोरा कुठला असणार. आईनं तो नाही असं सांगितलं नाही. तिनं पदराच्या काठाचा एक सुटलेला धागा नखानं धरून ओढला, लांब, आणखी लांब, तोडला आणि त्यांच्या हातात दिला. मग शेजारच्या खराट्यातल्या मूठभर काड्या मोडून पुढं धरल्या. आप्पांनी धाग्याचं टोक दातात धरलं आणि एका हातानं गुंडाळायला लागले.

"सैल बसाय लागलंय, तानी."

"बसू दे," आई म्हणाली. आवाज तिनं तसाच ठेवला, रोजच्यासारखा, जसं काही मधले महिने गेलेच नाहीत. "आवळाय कोन सांगितलंय."

काड्या निसटल्या. त्यांनी परत गोळा केल्या.

"भरमू आलता न्हवं. तोंड पाडून गेला."

"व्हय. तुमी त्येच्याशी कानडीत बोललासा म्हनून."

"मी?" आप्पा शेवग्याकडं बघत म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मी कवा?"

आईनं एक शेंग फोडली, दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. मैत्री खिडकीत आणखी पुढं वाकली. एवढे दिवस ते स्वतःला मराठीच ऐकत होते? आतून एकच; बाहेर येताना उभं राहायच्या जागेप्रमाणं वेगळं? आणि आम्ही खाटेपाशी पेला धरून, चुकीच्या थांब्यावर, महादेव महादेव करत उभे. केवढा मोठा मुलूख माणसाच्या आत असतो, किती रस्ते, आणि त्यातले किती आपण कधी पाहिलेलेच नसतात. तिला भीती वाटली नाही. उघड्या माळावर आभाळ बघताना होतं तसं झालं.

लाइट आली. आईनं त्यांना उठवून आत आणलं. उंबऱ्यावर त्यांचा पाय जरा अडखळला, त्यांनी तोल सावरला, पंख्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "फॅन हाकरी." पंखा लावा, पुन्हा कन्नडमध्येच.

आईनं पंखा लावला आणि मैत्रीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी आईनं स्वतःच पाहिलं. पायरीवर बसवलं, सूप घेतलं. थोड्या वेळानं ते मराठीत बोलले. आत नेलं, कन्नड. नुसतं पायरीवर, सुपाशिवाय. काही नाही, गप्प. सूप घेऊन आत; ब्याड, नको, म्हणाले. पायरी, सूप, आणि आई वरच्या बाजूला. मग कधी दोन वाक्यं, कधी नुसतं "व्हय", एखाद्या दिवशी तेवढंही नाही. मैत्रीनं शाल्मली मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. पुढं किती येईल ते सांगता येत नाही, म्हणाल्या, पण जिथं येतंय तिथं येऊ दे. मग घरात कुठली बोलायची ते ठरलं का, असं त्यांनी विचारलं. मैत्रीनं फोन आईकडं दिला.

"घरात बोला की तुमी म्हनाल ती," आई म्हणाली. "मागं माजी."

फोन परत देऊन ती कामाला लागली. आधी चुलीवरची भांडी मागं गेली, मग शेगडी, मग विळी आणि पाट. पायरीवर सावली हवी म्हणून जुनं पोतं शेवग्याला बांधलं. साईराजचा निरोप आला होता, सगळ्यांकडं चालतंय, एडिटरमधूनसुद्धा, कसं केलंस. मैत्रीनं तो वाचला आणि तसाच ठेवला, कारण आईनं तिला खाटेचं दुसरं टोक धरायला बोलावलं होतं. आईची स्वतःची खाट. दारातून ती आडवी जाईना, उभी करून, तिरकी करून, कशीबशी बाहेर काढली. मैत्रीनं विचारलं, इथंच झोपणार काय गं आता. आईनं पदर खोचला, जागा नजरेनं मोजली, आणि खाट भिंतीपासून जरा पुढं ओढली.

"मी इचारलं हुतं न्हवं, मी कुटं जाऊ," ती म्हणाली. "ही बग, आले."

खालच्या पायरीवर आप्पा जरा सरकले, चढणाऱ्या माणसाला जागा द्यावी तसे. मग डाव्या हातानं दगडावर दोनदा ठोकलं.

"रैट," ते म्हणाले.